प्लेटलेटमधली ‘देवाणघेवाण’ की ‘अदलाबदल’?

चाळीसगावच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: रक्तदाबावरचं व्याख्यान मराठीत करताना प्लेटलेटमधल्या (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक कणिकांमधल्या) ‘सोडियम-प्रोटॉन एक्स्चेंज’ला ‘देवाणघेवाण’ म्हटलं तर चालेल का?

मला तरी ते पटत नाही. देवाणघेवाणीत हिशेब सैल असतो. शेजारणीला कळण्याचं पीठ दिलं, चार दिवसांनी तिच्याकडून भरताची वांगी आली, मोजतं कोण? इथे मोजणी पक्की आहे. पेशीपटलातलं एक प्रथिन एक सोडियम आत घेतं आणि एक प्रोटॉन (आम्लता आणणारा हायड्रोजनचा कण) बाहेर सोडतं. दोघांवर एकेक धन प्रभार, त्यामुळे विजेचा हिशेब जागच्या जागी राहतो. आतली आम्लता मात्र कमी होते. याला ‘अदलाबदल’ म्हणावं, पुस्तकी लेखनात ‘विनिमय’.

अर्थाने सर्वांत जवळचं खरं तर ‘साटंलोटं’. तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे, एकास एक. पण बातम्यांमध्ये वापरून वापरून त्याला संगनमताचा वास लागलाय, म्हणून मन मारून सोडून देते. पेशीपटलातल्याच दुसऱ्या एका प्रथिनाला, सोडियम-पोटॅशियम पंपाला, तर ते लागूच पडत नाही. तो तीन सोडियम बाहेर काढून दोनच पोटॅशियम आत घेतो. तो बोहारणीचा सौदा.

‘प्लेटलेट’ तसंच ठेवा. ‘बिंबाणू’ मला फार आवडतो (बिंब म्हणजे सूर्यचंद्राची तबकडी, आणि प्लेटलेटही तशीच चपटी गोल), पण ऐकणाऱ्यांना तो एकदा समजावून सांगावा लागेल. नुसतं ‘पेशी’ मात्र नको. डेंगीच्या दिवसांत ‘पेशी कमी झाल्या’ म्हणतात ते प्लेटलेटबद्दलच, पण व्याख्यानात त्याचा पांढऱ्या पेशींशी घोळ होईल.

‘इसेन्शियल हायपरटेन्शन’चं ‘आवश्यक रक्तदाब’ करू नका. ज्याचं एकच ठरावीक कारण सापडत नाही, तो ‘प्राथमिक उच्च रक्तदाब’. अशा रुग्णांच्या प्लेटलेटमध्ये ही अदलाबदल जास्त वेगाने होते, असं १९८०च्या दशकातल्या काही अभ्यासांत दिसलं. रक्तवाहिनीचा स्नायू तपासायला सहजासहजी काढता येत नाही, रक्त सहज काढता येतं, म्हणून त्याच्या जागी प्लेटलेट निवडल्या. तेव्हा ‘-मुळे’ जपून वापरा. ‘प्लेटलेटमुळे बीपी वाढतो’ असं लिहिलंत तर चूक होईल. ‘बीपीच्या रुग्णांत आढळतं’ एवढंच लिहा.

आणि समोरून कुणी अहिराणीत ‘माले बीपी शे’ (मला बीपी आहे) म्हणालं, तर त्यातला ‘बीपी’ म्हणजे वाढलेला बीपी. लिहिताना ‘उच्च’ विसरू नका. रक्तदाब तर सगळ्यांनाच असतो.