वाचक विचारतात : ‘आउट रन’ खेळावा तो कोणता?

प्रश्न : नव्वदच्या दशकात चुलतभावाकडे सेगाच्या मेगा ड्राइव्ह या घरगुती खेळयंत्रावर ‘आउट रन’ हा गाडी चालवण्याचा खेळ पुष्कळ खेळलो. अलीकडे त्याच खेळाच्या मूळ आर्केड (नाणे टाकून खेळायच्या) यंत्राचे चित्रीकरण पाहिले आणि चक्रावलो. त्यात रस्त्याकडेची झाडे किती सहज जवळ येतात! खेळ तोच असताना एवढा फरक कशामुळे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्याला दिसलेला फरक खरा आहे आणि त्याचे कारण यंत्राच्या पोटात आहे. सेगाने 1986 साली यू सुझुकी यांच्या नेतृत्वाखाली हा खेळ आर्केडमध्ये आणला, तेव्हा त्यात आजच्यासारखी त्रिमितीय वस्तू एकही नव्हती. झाड, पाटी, समोरचा ट्रक ही सगळी सपाट चित्रे होती. ती चित्रे क्षणाक्षणाला हवी तेवढी लहान-मोठी करून पडद्यावर मांडणारी खास सर्किटे त्या यंत्रात होती, त्यामुळे क्षितिजावरचा ठिपका न अडखळता वाढत जातो आणि पूर्ण आकाराचे झाड होऊन बाजूने निघून जातो. रस्त्यासाठी तर वेगळेच सर्किट होते, जे एकाच वेळी दोन रस्ते काढू शकत असे. टप्प्याच्या शेवटी रुंद रस्ता फाटतो आणि डावीकडे जायचे की उजवीकडे हे आपण धावत्या गाडीत ठरवतो, ते दृश्य या दोन रस्त्यांना एकमेकांपासून दूर सरकवून साधलेले आहे. अशा चार फाट्यांमुळे एकूण पंधरा टप्पे आणि शेवटची पाच ठिकाणे तयार होतात, पण एका डावात त्यांतले पाचच टप्पे वाट्याला येतात. माझ्या मते या खेळाचा खरा नायक हे सर्किट आहे, गाडी नव्हे. तसे पाहिले तर ही शर्यतही नाही. कोणाला हरवायचे नसते, वाहतुकीतून वाट काढत घड्याळाच्या आत पुढचा टप्पा गाठायचा असतो.

मेगा ड्राइव्हमध्ये चित्रे लहान-मोठी करण्याची ती सोयच नव्हती. आर्केड यंत्रात मोटोरोला 68000 जातीचे दोन प्रोसेसर होते, मेगा ड्राइव्हमध्ये त्याच जातीचा एकच आणि तोही कमी वेगाचा. म्हणून 1991 च्या त्या आवृत्तीत प्रत्येक झाडाची काही ठरावीक मापांतली चित्रे आधीच काढून कॅसेटमध्ये भरावी लागली, आणि झाड वाढण्याऐवजी एका मापावरून दुसऱ्या मापावर उडी मारताना दिसते. हे एकदा लक्षात आले की नजर तिथेच अडते, हे खरे. तरीही मी ही आवृत्ती निकृष्ट म्हणणार नाही. फाटे शाबूत आहेत, संगीतकार हिरोशी कावागुची यांची मूळ खेळातली तिन्ही गाणी ओळखता येतील अशी वाजतात आणि आर्केडमध्ये नसलेले ‘स्टेप ऑन बीट’ हे गाणेही तिच्यात आहे. त्याआधीच्या 1987 च्या, सेगाच्याच मास्टर सिस्टीम या जुन्या घरगुती यंत्रावरील आवृत्तीशी ताडून पाहिले, तर आपल्या चुलतभावाची कॅसेट उजवीच ठरते.

याच काळात युरोपात यू. एस. गोल्ड या कंपनीने घरगुती संगणकांसाठी आवृत्त्या काढल्या. त्यांच्याविषयी थोडक्यात एवढेच सांगतो की, खोक्यात आर्केडमधल्या मूळ संगीताची ध्वनिफीत सोबत दिली जात असे आणि काही जणांसाठी खोक्यातली सर्वांत मोलाची वस्तू तीच ठरली असेल.

प्रश्न : हा खेळ आज विकत घेऊन घरी खेळायचा तर कोणती आवृत्ती घ्यावी? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : निंटेंडो स्विच असेल तर ‘सेगा एजेस’ मालिकेतली. एम-टू या जपानी कंपनीने केलेली ही आवृत्ती जपानमध्ये 2018 साली आणि इतरत्र 2019 च्या जानेवारीत आली. याच कंपनीने आधी निंटेंडो थ्री-डीएसवर केलेली आवृत्ती काही बाबतींत मला अधिक आवडते, कारण तिथे रस्त्याची खोली चष्म्याशिवाय डोळ्यांना जाणवते. परंतु त्या यंत्राचे ऑनलाइन दुकान 2023 च्या मार्चमध्ये बंद झाल्याने ती आता नव्याने विकत घेता येत नाही.

मूळ यंत्रात खेळाचे चित्र सेकंदाला तीस वेळा बदलत असे, तर एम-टूच्या आवृत्त्यांत ते साठ वेळा बदलते. सेगा सॅटर्नवरच्या 1996 च्या आवृत्तीतही असा पर्याय दिलेला होता, आणि घरगुती यंत्रावर आर्केडच्या खऱ्या अर्थाने जवळ पोहोचलेली पहिली आवृत्ती मी तिलाच मानतो. साठ चित्रांमुळे वळणावर समोरचा ट्रक किंचित लवकर उमगतो. शुद्धतावादी मंडळी याला नाक मुरडतात. मला मात्र त्यात काही वावगे वाटत नाही, कारण अंतरे, वाहतूक आणि घड्याळ तेच राहते.

संगणकावर खेळणाऱ्यांसाठी ‘कॅननबॉल’ नावाचे मुक्त स्रोत इंजिन आहे. ते मूळ खेळाची नव्याने केलेली मांडणी असून, चालवण्यासाठी मूळ रॉमची (आर्केड यंत्राच्या चिपमध्ये साठवलेल्या खेळाची) माहिती आपल्याजवळ असावी लागते. एक गोष्ट मात्र कोणत्याच आवृत्तीत मिळणार नाही. आर्केडच्या मोठ्या, बसायच्या यंत्रात वळणाबरोबर बैठक कलत असे आणि गाडी रस्त्याखाली उतरली की चाक हातात थरथरत असे. बोटाने दांडी ढकलून ते सुख मिळत नाही. जमल्यास साधे का होईना, एक स्टिअरिंग चाक जोडावे.

प्रश्न : जुन्या खेळातली लाल गाडी फेरारीसारखी होती, नव्या आवृत्तीत ती तशी दिसत नाही. माझा भास की बदल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बदलच आहे. 1986 मधली गाडी उघडपणे फेरारी टेस्टारोसावरून काढलेली होती, पण त्यासाठी फेरारीचा परवाना घेतलेला नव्हता. पुढे 2003 मधल्या ‘आउट रन 2’ साठी सेगाने रीतसर परवाना घेतला. एम-टूच्या आवृत्त्यांत मूळ खेळाची गाडी थोडी बदलून काढली आहे. खेळताना पाच मिनिटांत याचा विसर पडतो.

प्रश्न : गाडी रस्त्याखाली गेली की वेग घसरतो आणि वेळ संपते. यावर काही युक्ती आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आहे, आणि ती जपानी खेळाडूंमध्ये ‘गिअर गाचा’ या नावाने प्रसिद्ध आहे. या खेळात ‘लो’ आणि ‘हाय’ असे दोनच गिअर आहेत. वेगात असताना गिअर झपाट्याने खाली-वर करत राहिले, तर चाके रस्त्याबाहेर असूनही गाडीचा वेग फारसा घटत नाही, म्हणजे वळणाची कड कापून गवतातून थेट जाता येते. एकदाच बदलून उपयोग नाही, गाडी पुन्हा डांबरावर येईपर्यंत ठोके चालू ठेवावे लागतात. मात्र कडेची झाडे आणि खडक तिथेच असतात. त्यांना धडकले की गाडी कोलांट्या खाते आणि ती पुन्हा रस्त्यावर येईपर्यंत घड्याळ थांबत नाही. म्हणून सुरुवात पहिल्या, कोकोनट बीचच्या टप्प्यावर करावी, जिथे रस्ता रुंद आहे आणि चूक परवडते.