पीएफ काढण्याआधी वर्षं मोजा

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. कॅनडाचा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) हातात, वय 43, नागपुरात मिहानमधल्या नोकरीचा राजीनामा पुढच्या महिन्यात. वहिनी अनुदानित शाळेत शिक्षिका, मुलगी सातवीत, मानेवाड्याला एक प्लॉट आणि काटोलकडे वडिलांची संत्र्याची बाग. तुम्ही विचारता, “ताई, म्हातारपणी महिन्याला किती हाती येईल याचा हिशेब कसा मांडू? आणि पीएफ काढून इथलं सगळं बंद करून निघू का? एजंट म्हणतो आठ दिवसांत करून देतो.”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला घाई आहे. थांबा. त्या एजंटला अजून कुठलीही सही देऊ नका.

पीएफ म्हणून आपण ज्याला एकच समजतो, त्यात दोन गोष्टी असतात. एक तुमची जमा, व्याजासकट. दुसरी 1995 च्या पेन्शन योजनेतली, म्हणजे ईपीएसमधली तुमची वर्षं. कंपनीच्या हिश्शातून पगाराचे 8.33 टक्के तिकडे जातात आणि पासबुकात तो रकाना वेगळा दिसतो. जमेचं काय करायचं ते तुमच्या गरजेवर ठरवा. तसंही कायमचं परदेशी गेल्यावर तीन वर्षांत दावा केला नाही तर ते खातं निष्क्रिय होतं आणि व्याज थांबतं, म्हणून ती रक्कम वेळेत काढलेलीच बरी. पेन्शनची वर्षं मात्र विकू नका. 10सी फॉर्म भरून ते पैसे उचलले की ती वर्षं संपली. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. तुम्ही ते मागा.

तुम्ही लिहिलं आहे की 2005 ते 2009 बुटीबोरीला होतात, मग दहा वर्षं स्वतःचे क्लासेस आणि 2019 पासून मिहान. म्हणजे चार आणि सहा, दहा वर्षं. ईपीएसमध्ये आयुष्यभराच्या पेन्शनसाठी नेमकी दहाच लागतात. बुटीबोरीची चार वर्षं यूएएनच्या, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या एकाच पीएफ नंबराच्या, आधीची, जुन्या नंबरावर पडलेली आहेत. यूएएन 2014 ला आला. ती जोडली गेली नसतील तर पोर्टलवर तुमची सहाच वर्षं दिसतील आणि एजंट म्हणेल, दहा भरत नाहीत, काढून टाका. जोडली तर 58 व्या वर्षापासूनचं पेन्शन असं निघतं: सप्टेंबर 2014 च्या आधीच्या चार वर्षांना महिन्याच्या पगाराची 6,500 ची मर्यादा, नंतरच्या सहांना 15,000 ची. वर्षांना त्या-त्या मर्यादेने गुणायचं आणि बेरजेला 70 ने भागायचं. महिन्याला साधारण 1,650 रुपये. तेवढ्याने एका माणसाचा किराणाही भागत नाही, मला माहीत आहे. तरी ही वर्षं इतकी जपायला सांगते, त्याचं कारण कॅनडात आहे.

तिथे ओएएस नावाचं वृद्धापकाळाचं पेन्शन 65 व्या वर्षी सुरू होतं. ते नोकरीवर नाही, वयाच्या 18 व्या वर्षानंतर तुम्ही किती वर्षं तिथे राहिलात त्यावर मिळतं. 40 वर्षं राहिलात तर पूर्ण, म्हणजे सध्या महिन्याला 700 कॅनेडियन डॉलरच्या थोडं वर. तिथे राहूनच घ्यायचं तर किमान दहा वर्षांचं वास्तव्य लागतं. पण देश सोडून बाहेर राहायचं असेल तर वीस लागतात. तुम्हीच लिहिलं आहे की साठीला नागपूरला परत यायचं आहे. 43 ला जाऊन 60 ला परत, म्हणजे सतरा वर्षं. तीन कमी पडतात! इथे भारत आणि कॅनडा यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार उपयोगी पडतो. तो 1 ऑगस्ट 2015 पासून लागू आहे. पात्रता मोजताना भारतातली ईपीएसची वर्षं कॅनडातल्या वर्षांत मिळवता येतात. सतरा आणि दहा, सत्तावीस. मग नागपुरात बसून ओएएस मिळेल, अर्थात सतरा वर्षांपुरतंच, 17/40, साधारण 300 डॉलर. डॉलर 60 रुपयांचा धरला तर 18 हजार महिना. एजंटच्या आठ दिवसांत तुम्ही हे घालवून बसला असता.

मी घालवलं आहे थोडं. 1996 ला हिंगणा एमआयडीसीत पहिली नोकरी लागली. 2002 ला ती सोडताना सगळ्यांनी पैसे काढले म्हणून मीही काढले. त्यात फ्रिज आला. ती सहा वर्षं गेली ती गेलीच. दुसऱ्या कंपनीची सहा वर्षं 2008 च्या निघण्याच्या गडबडीत फॉर्म भरायचा राहिला म्हणून वाचली. पण ती सिद्ध करायला मला दोन वर्षं लागली, कारण कंपनीच्या रेकॉर्डला माझं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. रुजू होण्याची तारीखही चुकलेली. मधल्या काळात कंपनी बंद झाली होती, दुरुस्तीवर सही करायला कोणी उरलं नव्हतं. शेवटी महालातल्या घरी आईच्या आलमारीतून जुन्या पगारपत्रकांचा गठ्ठा निघाला आणि काम झालं. आईने ते का ठेवले होते कोण जाणे. आज ती नाही, गठ्ठा माझ्याजवळ आहे.

म्हणून नागपुरात आहात तोवर पहिलं काम हे करा. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री उघडा आणि प्रत्येक नोकरीची रुजू तारीख आणि एक्झिट तारीख नेमणूकपत्राशी ताडून पाहा. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आधार आणि पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतं का बघा. बुटीबोरीची कंपनी अजून चालू असेल तर स्वतः जाऊन सेवेचा दाखला शिक्क्यानिशी आणा. रामदासपेठेतून निघालात तर तासाभरात पोचाल. टोरांटोहून हेच काम सहा महिन्यांचं होतं.

वहिनींचं वेगळं आहे. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्या शिक्षकांना जुनी पेन्शन नाही. आधी डीसीपीएस, मग एनपीएस, दोन्ही पगारातून कापून साठवायच्या पेन्शन योजना. राजीनामा देण्याआधी त्यांच्या प्रान नंबराचं, म्हणजे एनपीएस खात्याच्या नंबराचं, पूर्ण स्टेटमेंट काढा आणि डीसीपीएसच्या काळात पगारातून कापलेले पैसे एनपीएसमध्ये वर्ग झाले का, ते पगारपत्रकांवरून महिन्या-महिन्याने मिळवून पाहा. शाळेत रोज जाणं आहे तोवर मुख्याध्यापकांकडून कागद मिळतो. परदेशी गेल्यावरही एनपीएस खातं चालू ठेवता येतं, घाईने बंद करू नका. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव त्यांनाही सतावेल, तेव्हा राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह प्रमाणपत्राच्या दोन-तीन साक्षांकित प्रती सोबत असू द्या.

आता अशी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. कॅनडाचे रहिवासी झालात की त्या दिवसापासून तुमचा जगभरातला नफा तिथे करपात्र होतो. पण तुमच्याजवळचं बहुतेक सगळं त्या दिवशीच्या बाजारभावाने विकत घेतलं असं ते धरतात. मानेवाड्याचा प्लॉट तुम्ही 2011 ला कितीला घेतला याला तिथे अर्थ नाही, पोचण्याच्या दिवशी त्याची किंमत काय होती याला आहे. पंधरा वर्षांनी तो विकून म्हातारपणाची सोय करायची असेल तर हा आकडा कागदावर हवा. मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून त्या तारखेचा अहवाल करून घ्या. म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट त्या दिवसाचं काढा, शेअर आणि सोन्याचा भाव नोंदवून ठेवा. दागिन्यांचं वजन सराफाकडून लिहून घ्या. भारतात मात्र कराचा नफा मूळ खरेदी किमतीपासूनच मोजतील, त्यामुळे 2011 चं खरेदीखतही जपा. प्लॉटचं आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, झालं आहे ना? नसेल तर एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) ते काम निघण्याआधीच उरका. आरएल आणि आखीव पत्रिका नसलेला प्लॉट तुमच्या हिशेबात संपत्ती म्हणून धरूच नका.

कॅनडाबाहेरच्या मालमत्तेची किंमत, म्हणजे तोच पोचण्याच्या दिवसाचा आकडा, एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेली तर तिथल्या आयकर खात्याचा टी1135 हा फॉर्म दरवर्षी भरावा लागतो. पहिल्या वर्षी सूट असते, ते वर्ष यादी पक्की करण्यासाठी वापरा. पीपीएफ आधीचं असेल तर 15 वर्षांपर्यंत चालवता येतं, मुदत वाढवता येत नाही आणि त्याचं व्याज इथे करमुक्त असलं तरी तिथे दाखवावं लागतं. साधी बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची खाती, करून घ्या, केवायसी बदला. आयकराच्या साइटवरून एआयएस (तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा तपशील) उतरवून घ्या, विसरलेली एखादी एफडी त्यात व्याजाच्या नोंदीवरून सापडते.

कॅनडाचं दुसरं पेन्शन सीपीपी. ते पगारातून जातं, तुमचे 5.95 टक्के आणि मालकाचे तेवढेच. पण सरासरी 18 व्या वर्षापासून काढतात, तुम्ही तेव्हा नागपुरात होता तरी! 18 ते 65 म्हणजे 47 वर्षं, त्यातला सर्वांत कमी कमाईचा 17 टक्के काळ, सुमारे आठ वर्षं, वगळतात. उरलेल्या 39 पैकी तुमची सतरा भरलेली, बाकी शून्यं. म्हणून शेजाऱ्याला किती मिळतं ते ऐकून अंदाज बांधू नका. पहिल्या पगारानंतर सरकारी साइटवर खातं उघडलं की तुमचा स्वतःचा सीपीपीचा तपशील दिसतो. दरवर्षी तो छापून फाइलला लावा. 60 ला घेतलं तर दर महिन्यामागे 0.6 टक्के कापतात, म्हणजे एकूण 36 टक्के. आणि ते आयुष्यभर कमीच राहतं.

वडिलांच्या बागेबद्दल थोडंच लिहिते, कारण हा घरात बसून बोलण्याचा विषय आहे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळालेली ठेवता येते. सातबारा कोणाच्या नावावर आहे, आजोबांनंतर वारसान फेरफार झाला का, बहिणींचा हिस्सा कसा आहे, हे आई-बाबा बसलेले असताना विचारा. अवघड जातं, मला कळतं. पण बागेचं उत्पन्न म्हातारपणच्या मिळकतीत धरायचं असेल तर गेल्या तीन-चार बहारांचा खर्च आणि विक्रीही लिहून घ्या. संत्र्याचा एक चांगला आंबिया बहार बघून सरासरी काढू नका.

खर्चाचा कागदही करा. या वर्षी आई-बाबांच्या औषधांवर, दवाखान्यावर किती गेले, मेडिक्लेमचा हप्ता दरवर्षी किती वाढला. साठीला तुम्ही त्यांच्या जागी असाल, तेव्हा हा आकडा कुठल्याही तयार गणकयंत्रापेक्षा खरा ठरतो. मिळकतीचे दोन रकाने ठेवा, रुपयांचा वेगळा, डॉलरचा वेगळा. जिथे खर्च होणार त्या रकान्यात तूट किती ते आधी पाहा, मग एकातून दुसऱ्यात बदला.

मूळ कागद चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. एक स्कॅन केलेला संच धाकट्या भावाकडे द्या.

आज रविवार आहे, उद्या सकाळी बुटीबोरीला फोन करा. 2005 ची रुजू तारीख आणि जुना पीएफ नंबर मिळाला की मला पाठवा, पुढची बेरीज मी मांडून देते.