एसी लावला की कुबट वास येतो, आत बुरशी असेल का?

प्रश्न : बेडरूममधला एसी चालू केला की पहिली पाच-दहा मिनिटं कुबट वास येतो, ओले मोजे डब्यात कोंबून ठेवल्यासारखा, मग कमी होतो. हवा येते त्या झडपेवर बारीक काळे ठिपकेही दिसायला लागलेत. जाळ्या मी दर महिन्याला धुते. सासूबाईंना दमा आहे, या खोलीत झोपल्या की त्यांचा खोकला वाढतो. सर्व्हिसिंगवाला म्हणतो काही नाही हो, सेंटचा स्प्रे मारा. काय करू?

उत्तर : ताई, स्प्रे नको. वासावर वास चढेल, बुरशी आहे तिथेच राहील आणि सासूबाईंना त्या स्प्रेचाच त्रास व्हायचा.

तुमचा संशय मला बरोबर वाटतो. मेन स्विच बंद करा, झडप हलकेच उघडा आणि आत टॉर्च मारा. लाटण्यासारखा लांबट पंखा दिसेल, तो ब्लोअर. त्याच्या पात्यांवर काळा चिकट थर असेल तर घाण तिथेच आहे. आता जाळी धुऊनही असं का, तर हवा आधी जाळीतून जाते, मग थंड कॉइलवरून आणि शेवटी ब्लोअरमधून बाहेर येते, कॉइलवर हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं, जाळीतून निसटलेली बारीक धूळ त्या ओलीत चिकटते आणि एसी बंद केला की आतला ओलावा तसाच कोंडून राहतो, बुरशीला अजून काय पाहिजे! कुठली बुरशी आहे याची लॅब टेस्ट वगैरे करत बसू नका, कुठलीही असली तरी काढायचीच आहे.

सर्व्हिसिंगला माणूस बोलवाल तेव्हा आधीच स्पष्ट सांगा की ब्लोअर काढून धुवायचा, कॉइल धुवायची, खालचा ट्रे साफ करायचा आणि ड्रेन पाइपमधून पाणी सोडून ते नीट बाहेर पडतंय हे दाखवायचं. बरेच जण कॉइलवर समोरून फवारा मारून निघून जातात, म्हणून तुम्ही समोर उभ्या रहा. घरी ब्लीच ओतायचा प्रयोग करू नका, कॉइलची ॲल्युमिनियमची पाती खराब होतात, आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरसारखं ॲसिड मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो, तो खरंच घातक आहे.

हे होईपर्यंत सासूबाईंना दुसऱ्या खोलीत झोपवा आणि तो एसी लावूच नका. तिकडे खोकला कमी झाला तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, औषध ठरवताना त्यांना उपयोग होतो.

नंतरची सवय एकच, एसी बंद करायच्या आधी अर्धा तास नुसता फॅन मोडवर ठेवायचा म्हणजे कॉइल आणि ब्लोअर सुकतात. काही एसीत यासाठी ऑटो क्लीन असतं, ते चालू ठेवा. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे, ३० ते ५० असेल तर उत्तमच, मोजायचं छोटं मीटर मिळतं.

एवढं करूनही पंधरा दिवसांत वास परत आला तर मशीनच्या मागची भिंत बघा. रंग फुगलेला किंवा भिंत हाताला ओलसर लागली तर ड्रेन पाइप आतच गळतोय, तो आधी दुरुस्त करून घ्या, मग भिंत पूर्ण सुकू द्या आणि त्यानंतरच रंग लावा.