झेंडा न लावलेल्या घरांची यादी

ठाणे, ८ ऑगस्ट

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. कोलशेतच्या तुमच्या सोसायटीत तरुण मंडळाचं चिटणीसपद तुझ्याकडे आलं, छान झालं. पण पत्राच्या शेवटी जाता जाता जे लिहिलंस, त्याबद्दलच आधी बोलू. पंधरा ऑगस्टला ज्या गॅलरीत तिरंगा दिसणार नाही, त्या फ्लॅटचे नंबर ग्रुपवर टाकायचे, असं काहींच्या मनात आहे. आणि तू विचारतोस, यात देशभक्ती किती आणि माथेफिरूपणा किती?

यादी करू नकोस.

घरावर ध्वज लावणं हा आपला हक्क आहे. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने सामान्य माणसाला वर्षभर तिरंगा लावण्याची मोकळीक दिली. २३ जानेवारी २००४ ला उद्योगपती नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला. जे करायचा हक्क आहे, ते केलं नाही म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. आणि ज्या गॅलरीत झेंडा नाही, तिथे काय असेल याचा जरा विचार कर. कबुतरांची जाळी असेल, घरात आजारपण असेल, नवरा-बायको दोघंही रात्रपाळीला असतील. यादी करणाऱ्याला यातलं काहीच विचारायचं नसतं. त्याचा निकाल आधीच लागलेला असतो.

बिजो इमॅन्युएल खटला एकदा वाचून काढ. केरळमधल्या एका शाळेतली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढलं. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी त्यांना परत घ्यायला लावलं. जो उभा राहतो त्याने गायलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, आणि न गाण्याने अवमानही होत नाही. निकाल छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो.

आता हे चढत कसं जातं ते पाहा. आपल्या भाषेत अभिमान, दुरभिमान, अभिनिवेश असे वेगळे शब्द होते. हल्ली गाडीच्या काचेवर 'कट्टर' लिहिलं की सगळं त्यातच आलं. दोनशे जणांच्या ग्रुपवर लिहिणारे चार-पाच असतात. पहिला म्हणतो, सर्वांनी झेंडा लावा. दुसऱ्याला त्याच्यापेक्षा वरचढ व्हायचं असतं, म्हणून तो म्हणतो, न लावणाऱ्यांना विचारा. तिसरा यादी मागतो. चौथा यादीतल्या आडनावांवर बोट ठेवतो. यातल्या कुणालाही स्वतःच्या खिशातून काहीच घालावं लागत नाही, म्हणून बोली वाढतच जाते. बाकीचे एकशे पंच्याण्णव गप्प असतात आणि त्यांचं गप्प राहणं होकार धरलं जातं. इथेच कुणीतरी 'थांबा' म्हणायचं असतं, तेही पहिल्या-दुसऱ्या मेसेजलाच. चौथ्यानंतर 'थांबा' म्हणणाराच यादीत जातो.

ओळखायची खूण सांगतो. सांगितलेली गोष्ट खोटी निघाली, तर समोरचा काय करतो ते बघ. देशावर प्रेम असलेला माणूस ओशाळतो आणि मेसेज काढून टाकतो. दुसरा म्हणतो, 'हे खोटं असेल, पण असं घडतंच ना!' त्याच्याशी पुराव्याने वाद घालण्यात रात्र घालवू नकोस.

अफवेचं टोक कुठे जातं, ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला दिसलं. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. मारणाऱ्यांना आपण गाव वाचवतोय असंच वाटत होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मेसेजवर दोन बाण दिसले, तर तो किमान पाच हातांतून आलाय असं समज. त्यात तारीख, ठिकाण, पोलीस ठाणं यांपैकी काहीच नसेल, तर तिथेच अडव. असलं, तर त्या पोलीस ठाण्यात फोन कर. जमाव जमतोय असं दिसलं तर थेट ११२. आणि ग्रुपवरच्या उत्साही मंडळींना हेही कळू दे की धर्म, भाषा, जन्मस्थान यांवरून तेढ वाढवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. कायद्याने न वळणारे कधीकधी असा गुन्हा पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत आडवा येईल या भीतीने वळतात.

तू म्हणशील, आपल्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्यांचं काय? अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे, १९ एप्रिल १९१०. नाशिकच्या जॅक्सन कलेक्टरला गोळ्या घालणारा कान्हेरे जेमतेम तुझ्या वयाचा. प्रश्न रास्त आहे. त्याला माझ्या मते सर्वांत नेमकं उत्तर बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात आहे. सनदशीर वाट बंदच होती तेव्हा इतर मार्गांचं समर्थन करता येत होतं. ती उघडल्यावर ते मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण, असं ते म्हणाले. कान्हेरेच्या हातात मत नव्हतं. तुझ्या हातात आहे, माहितीचा अधिकार आहे, न्यायालय आहे. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दलही बजावलं होतं. ती शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तेवढा भाग मंडळात वाचून दाखव, जयंतीचे बॅनर लावणाऱ्यांनाही ऐकू दे.

सरकारवर टीका केली की देशद्रोह, असं ग्रुपवर कुणी म्हणालं तर राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदाच दाखव. तिरंगा जाळण्या-तुडवण्याला ३ वर्षांची शिक्षा सांगणाऱ्या त्या कलमालाच जोडून स्पष्टीकरण आहे: कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून संविधानावर, ध्वजावर किंवा सरकारच्या कामावर केलेली टीका हा गुन्हा नाही. खाडीपलीकडचंच उदाहरण घे. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणजवळच्या जासईचे शेतकरी नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण गेले. ते सरकारच्या विरोधात उभे होते, देशाच्या नाही. पुढे आलेली, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आज नवी मुंबईत प्रत्येक गावठाणात ठाऊक आहे.

आता प्रत्यक्ष काम. उत्साह खूप आहे तर तो इथे लाव, कारण सगळ्यात जास्त चुका झेंडा लावणारेच करतात. ध्वजाची लांबी-रुंदी ३:२. गॅलरीसाठी ९०० बाय ६०० मिलिमीटरचा पुरे. उभा लावायचा असेल तर समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी. पट्ट्यांवर मंडळाचं नाव, नेत्याचा फोटो, काहीही नको. त्याच काठीवर दुसरा झेंडा नको. जुलै २०२२ पासून घरी रात्रीही ठेवता येतो, पण घोडबंदर पट्ट्यातल्या ऑगस्टच्या वाऱ्या-पावसात मोकळी कड लवकर उसवते, आणि फाटका ध्वज लावणं संहितेला मान्य नाही. आठवड्यातून एकदा बघून ये म्हणून प्रत्येक मजल्याला एक मुलगा नेम. डिसेंबर २०२१ च्या बदलानंतर पॉलिस्टर चालतं, तरी सुती घ्या. खराब झालेला ध्वज पूर्ण, खाजगीत, शक्यतो दहन करून नष्ट करायचा असतो, आणि पॉलिस्टर नीट जळत नाही, वितळतं.

दुचाकी फेरीचं म्हणशील तर, मोटारीवर ध्वज फडकवण्याचा मान संहितेने ठरावीक पदांनाच दिलाय. बॉनेटवर, सीटवर, पाठीवर गुंडाळून तर नाहीच. फेरी पायी काढा, हातात छोटे झेंडे. डीजे आणलाच तर निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. कुठलाच डीजे तेवढ्यात मावत नाही, तेव्हा तो नकोच; ढोल-लेझीमवाल्यांनाही इमारतींपासून अंतर राखायला सांग.

ग्रुपवर आज एवढंच टाक: 'झेंडा हवा असेल त्यांनी नाव द्या, आणून देऊ. जाळीमुळे लावता येत नसेल तर आम्ही लावून देऊ.' यादी झालीच तर ही होईल. आणि सोळा तारखेला सकाळी सहाला, सफाई कामगार यायच्या आत, चार जण घेऊन गेटपासून रस्त्याच्या वळणापर्यंत चालत जा. गटाराच्या जाळीपाशी, पार्किंगमध्ये, शाळेच्या बसथांब्यावर कागदी झेंडे पडलेले असतील. चिखलातले वेगळे, कोरडे वेगळे गोळा करा. कोरडे घडी करून खोक्यात ठेवा, जानेवारीत लागतील.

तुझा,
काका