वंशावळीचं सॉफ्टवेअर घेताना आधी बाहेर पडायचा रस्ता बघा

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांच्या वहीवरून सगळी नावं देवनागरीत एका साइटवर चढवली, आता ती वर्षाची फी मागतेय, आणि गेडकॉम फाइल (वंशावळ एका प्रोग्राममधून दुसऱ्यात न्यायची ठरलेली फाइल) उतरवून घेतली तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. वाचून पोटात गोळा आला, कारण हे सगळं मी भोगलंय. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं ते पुढे सांगतो, पण तोवर ते खातं बंद करू नका. नावं तिथे अजून शाबूत आहेत. बिघडलीय ती बाहेर आलेली फाइल.

ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. नुसते चौकोन दिसले तर फॉन्टची भानगड आहे, माहिती ठीक आहे. टोप्या-टिंबं घातलेली रोमन अक्षरं ओळीने दिसली तरी घाबरू नका, ते देवनागरीच आहे, चुकीच्या पद्धतीने वाचलं जातंय, परत आणता येतं. पण खरोखरची प्रश्नचिन्हंच असतील तर त्या फाइलचा नाद सोडा. अक्षरं बदलून तिथे प्रश्नचिन्ह लिहिलं गेलंय, मागे काही उरलेलं नाही. साइटवर एक्सपोर्टच्या पानावर कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरसंच, निवडायची सोय आहे का बघा आणि यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणारा संच) घेऊन पुन्हा उतरवा. बऱ्याचदा तिथे आधीपासून 'अन्सी' हा जुना संच निवडलेला असतो, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही.

माझ्या बाबतीत साइट नव्हती, विकत घेतलेला प्रोग्राम होता. नाव घेत नाही. पडद्यावर मराठी झकास दिसायचं, तक्ते छापले की नातेवाईक खूश. मग कंपनीने ती आवृत्ती बंद केली. माझा लॅपटॉप गेला, नव्यावर लायसन्स चालू होईना, कारण ते तपासणारा त्यांचा सर्व्हरच बंद. हेल्पडेस्कला मेलवर मेल. उत्तर दरवेळी तेच छापील: आपली भाषा आमच्या समर्थित भाषांत नाही, नवीन आवृत्ती घ्या. अरे, पैसे घेताना नाही सांगितलंत ते! हाताशी उरल्या फक्त गेडकॉमच्या बॅकअप फाइली. तारखा शाबूत, कोण कुणाचा मुलगा तेही शाबूत, आणि नावं '?????? /????/' अशी.

मग बसलो चिन्हं मोजत. काना, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणून 'विठ्ठल'ची सहा प्रश्नचिन्हं होतात आणि 'लक्ष्मी'ची सात. पुरुषांची बरीच नावं वहीशी ताडून अशी लावली. बायकांचं काय करणार? सीता, गंगा, राधा, तिघींची चारचारच. त्यातून माहेरची नावं वहीत नव्हतीच, ती मी म्हाताऱ्या माणसांना फोन करकरून भरली होती. त्यातली काही माणसं आता नाहीत.

हा प्रश्न काही अवघड नव्हता. १९९६ च्या गेडकॉम ५.५ या आवृत्तीत रोमन लिपीसाठीचा एक जुना अक्षरसंच मुख्य होता. १९९९ च्या ५.५.१ मध्ये यूटीएफ-८ आलं, आणि २०२१ च्या ७.० मध्ये तर दुसरं काही चालतच नाही. एवढी वर्षं मिळूनही जी कंपनी हे नीट करत नाही तिला मी पैसे देणार नाही. माझं मत आहे, कुणाला पटेल, कुणाला नाही.

आता मी काय वापरतो: ग्रॅम्प्स नावाचा वंशावळीचा प्रोग्राम. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, माहिती आपल्याच संगणकावर राहते. दिसायला रुक्ष आहे, पहिला आठवडा वैताग येईल. पण एका माणसाला अनेक नावं देता येतात, त्यामुळे बाईचं माहेरचं नाव मुख्य ठेवून सासरचं जोडता येतं. दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदाते आणि दत्तक घेणारे, दोन्ही घरं लावता येतात. आपल्याकडे हे लागतंच. वडिलांचं नाव स्वतःच्या नावाच्या रकान्यात कोंबू नका असं माझं म्हणणं. ते नात्यावरून कळतंच. कागदावर जसं पूर्ण नाव असेल तसं वेगळं पर्यायी नाव म्हणून ठेवा.

गावांच्या नोंदीही तारखेनिशी ठेवता येतात. बोरिवली आणि मुलुंड १९५७ पर्यंत मुंबई महापालिकेत नव्हते, आणि सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता. सरसकट 'मुंबई' लिहून ठेवलंत तर जुना दाखला शोधताना भलत्याच कचेरीत रांग लावाल. शके आणि तिथी मात्र त्यात बसत नाही. मूळ तिथी मजकूर म्हणूनच ठेवा आणि इसवी सन शेजारी लिहा. शकात ७८ मिळवायचे, पण तिथी १ जानेवारी ते फाल्गुनअखेर यांच्यामध्ये पडत असेल तर ७९. १ जानेवारी कधी मार्गशीर्षाच्या उत्तरार्धात येते, कधी पौषात. इथे भलेभले वर्षाने चुकतात.

कुणीतरी फॅमिलीसर्च ही वंशावळीची साइट सुचवेलच. जुनी कागदपत्रं शोधायला जरूर वापरा, फुकट आहे. पण तिथला वृक्ष जगाचा मिळून एकच. आपल्या पणजोबांची नोंद कुणीही बदलू शकतो. मूळ प्रत तिथे ठेवू नये.

काहीही घेतलंत तरी आधी दहाच माणसं भरा. त्यात जोडाक्षरवाली नावं, एक दत्तक, एक दुसरं लग्न आणि एक फोटो असू द्या. गेडकॉम काढा आणि ती दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडून बघा. फोटो बहुधा येणार नाहीत, त्यांचं फोल्डर वेगळं जपा. नावं आली तरच पुढची वही उघडा.

जात पडताळणीसाठी हे करत असाल तर छापील तक्ता चालत नाही, वंशावळीचं प्रतिज्ञापत्रच लागतं. मी वकील नाही, तेवढं एखाद्या जाणत्याला विचारून घ्या. आणि तयार झालेली पीडीएफ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना हयात माणसांच्या जन्मतारखा व आईची माहेरची आडनावं काढून टाका. बँका ओळख पटवायला नेमकं हेच विचारतात, आणि ग्रुपवरची पीडीएफ संध्याकाळपर्यंत कुठे पोचेल सांगता येत नाही.

नोटपॅडमध्ये काय दिसलं ते कळवा, आडनावं झाकून दोन-चार ओळी टाकल्यात तरी पुरे. चौकोन किंवा टोप्या असतील तर फाइल दुरुस्त कशी करायची ते लिहितो.