फ्रेंच डेझर्टची नावं इंग्रजी मेन्यूवर: काय ठेवायचं, काय बदलायचं

लंडनमधल्या एका फ्रेंच बिस्ट्रोचं मेन्यूकार्ड तुम्ही इंग्रजीत करताय आणि डेझर्टच्या पानावर गाडी अडलीय: नावांचं भाषांतर करायचं की ती तशीच ठेवायची? माझं मत विचाराल तर नावाला शक्यतो हात लावू नका. खाली एक ओळ टाका आणि ताटलीत काय येणार ते तिथे सांगा.

क्रेम ब्रुले, मूस, एक्लेर इंग्रजीत केव्हाच मुरलेत. क्रेम ब्रुलेचं 'बर्न्ट क्रीम' केलंत तर गिऱ्हाईक दचकेल. 'पँ पेर्द्यू'ला इंग्रजीत 'फ्रेंच टोस्ट' हे रुळलेलं नाव आहे खरं, पण ते वाचलं की डोळ्यांपुढे नाश्ता येतो. रात्रीच्या कार्डावर मूळ नावच बरं. आणि 'पे द नॉन', म्हणजे चक्क ननचे पाद! त्याचं भाषांतर कोणी मागितलं तरी देऊ नका, 'शू फ्रिटर्स' (choux, म्हणजे फुगणाऱ्या हलक्या पिठाची भजी) लिहून मोकळे व्हा.

खरी कसोटी 'पारी-ब्रेस्त'ची. हे नाव 1891 साली सुरू झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस सायकल शर्यतीचं, म्हणून आकार चाकासारखा. शू पेस्ट्रीचं कडं आडवं कापून आत प्रालीन (साखरेत परतलेल्या सुक्या मेव्याची पेस्ट) घातलेलं क्रीम भरतात, वर बदामाचे काप असतात. सायकलची गोष्ट वेटर सांगेल, कार्डावर शू पेस्ट्री, हेझलनट प्रालीन आणि बदाम एवढं यायलाच हवं. नावात सुक्या मेव्याचा मागमूस नाही, आणि ब्रिटनमध्ये 14 अ‍ॅलर्जन्सची (अ‍ॅलर्जी होऊ शकणाऱ्या पदार्थांची, त्यात सुका मेवाही आला) माहिती गिऱ्हाइकाला देणं कायद्यानं बंधनकारक आहे. 'फिनान्सिए' या छोट्या केकचंही तेच, नाव सावकारी आणि आत बदामाची पूड.

सर्वांत जास्त घोळ ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा. फ्रेंच 'बिस्क्वी' हा बहुतेकदा स्पंज असतो. 'पारफे' फ्रान्समध्ये गोठवलेला, अमेरिकेत उंच ग्लासातले थर. 'माकारों' बदामाचा, इंग्रजी 'मॅकरून' बहुधा खोबऱ्याचा. 'मिलफॉय'ला, म्हणजे पापुद्र्यांच्या पेस्ट्रीत क्रीमचे थर, अमेरिकेत 'नेपोलियन' म्हणतात. ब्रिटनमध्ये त्याच्या जवळचा 'व्हॅनिला स्लाइस' आहे, पण तो कोपऱ्यावरच्या बेकरीतला. तुमच्या बिस्ट्रोचा दर त्या नावाला शोभणार नाही.

स्पेलिंगकडेही बघा. 'तार्त ताताँ' म्हणजे उलटा भाजलेला फळांचा टार्ट. त्यातलं ताताँ हे फ्रान्समधल्या लामोत-बव्हरोंला हॉटेल चालवणाऱ्या दोघी बहिणींचं आडनाव, त्यामुळे त्याचं पहिलं अक्षर मोठंच हवं. आणि ओळ लिहिण्याआधी शेफला गाठाच. ताताँ म्हटलं की सफरचंद हे आपण गृहीत धरतो, त्यांच्याकडे या मोसमात पेअर असू शकतं.