ड्रीम पॉपमध्ये गायिका काय म्हणते तेच कळत नाही. मग हे संगीत ऐकायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की कॉक्टो ट्विन्स या ड्रीम पॉप (धूसर, स्वप्नवत ध्वनीचं पॉप संगीत) बँडची गिटार आवडते, चाली आवडतात, पण त्यांची गायिका एलिझाबेथ फ्रेझर काय गाते ते कळत नाही आणि त्यामुळे आपण गाण्याच्या बाहेरच राहिलो असं वाटतं. लिरिक्स समोर ठेवून ऐकावं, की शब्दांकडे लक्षच देऊ नये, असं तुम्ही विचारलंय.

मी म्हणेन, दोन्ही नको. लिरिक्स समोर ठेवली की ऐकणं थांबतं आणि ताडून बघणं सुरू होतं. शब्दांकडे लक्षच दिलं नाही तर तो आवाज गिटारच्या बाजूला ठेवलेलं आणखी एक वाद्य होतो, आणि त्याची खरी गंमत तिथेच संपते. त्यापेक्षा शब्द नेमका कशाने पुसला गेलाय, तिकडे कान लावा. प्रत्येक बँड तो वेगळ्या रीतीने पुसतो. ती रीत ओळखू यायला लागली की तुम्ही गाण्याच्या बाहेर राहत नाही.

आधी एक गोष्ट बाजूला करतो. ड्रीम पॉप म्हणजे न कळणारे शब्द, असं मुळीच नाही. हे नाव लंडनच्या ए. आर. केन या जोडीतल्या अ‍ॅलेक्स आयुलीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याच संगीतासाठी वापरलं, आणि त्याचा रोख एकूण ध्वनीकडे होता. मॅझी स्टार या बँडमध्ये होप सँडोव्हाल जवळजवळ पुटपुटते, तरी तिचे शब्द कळतात. बीच हाउस या बँडच्या व्हिक्टोरिया लग्राँचा आवाज खालच्या पट्टीतला आणि भरीव आहे. एकेक ओळ ऐकू येते, पण ओळींचा एकमेकींशी संबंध लावणं तिने आपल्यावर सोडलेलं असतं. म्हणजे तिथे अस्पष्टता लिहिण्यातच आहे, उच्चारात नाही. तुमचा प्रश्न उच्चारातल्या अस्पष्टतेचा आहे, म्हणून तिच्याबद्दलच सविस्तर बोलतो.

शब्द कानाला कळतो तो कशाने? स्वर ओळखू येतात ते तोंडाच्या पोकळीच्या आकारामुळे. त्या आकारानुसार आवाजातल्या काही कंप्रता ठळक होतात. ‘ई’ ओळखायला कानाला साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास जोर लागतो; ‘आ’साठी तो बराच वर, ७०० ते ८००च्या घरात लागतो. आता गायिका ७५० हर्ट्झचा उंच सूर लावते तेव्हा तिच्या आवाजात ७५०च्या खाली काहीच नसतं. ‘ई’ आणि ‘ऊ’ची ओळख पटवणारा खालचा जोर येणार कुठून? म्हणून फार उंच सुरांवर सगळे स्वर ‘आ’कडे झुकल्यासारखे ऐकू येतात, अगदी ऑपेराच्या तयार गायिकांचेही. गायिका निष्काळजी नसते. त्या उंचीवर ते तसंच ऐकू येणार.

व्यंजनांचं गणित आणखी नाजूक आहे. ‘प’, ‘त’, ‘क’ म्हणताना हवेची वाट क्षणभर बंद होते, आणि त्या इवल्याशा शांततेनंतरच्या स्फोटावरून कान अक्षर ओळखतो. रिव्हर्ब (आवाजाला मुद्दाम दिलेला घुमारा) नेमकी ती शांतता भरून टाकतो. मागच्या स्वराची शेपटी त्या फटीत शिरते आणि ‘प’ची धार जाते. ‘स’ची सळसळ तर सगळी वरच्या कंप्रतांत असते, आणि तिथेच कोरस (सूर जाड करणारा परिणाम) आणि डिले (प्रतिध्वनी देणारा परिणाम) लावलेल्या गिटारांनी आधीच मुक्काम ठोकलेला असतो. म्हणजे शब्दाचं हाड निघून जातं. मागे राहतात स्वर, श्वास, चढउतार आणि ओळीची लांबी.

एवढं लक्षात ठेवून फ्रेझरकडे या. कॉक्टो ट्विन्स हा बँड स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथ या औद्योगिक गावात १९७९ साली सुरू झाला. फ्रेझर, गिटारवर रॉबिन गथ्री, आणि १९८३पासून बासवर सायमन रेमंड. रिव्हर्ब त्यांच्याकडे भरपूर आहे, पण फ्रेझरचे शब्द केवळ रिव्हर्बने पुसलेले नाहीत. ती तोंडातच अक्षर बदलते. एखाद्या ओळीत ओळखीचा इंग्रजी शब्द असतो, दुसरीत नुसती अक्षरं असतात, तिसरीत भलत्याच भाषेतून उचललेला शब्द असतो. आपल्याला न येणाऱ्या भाषांची पुस्तकं आणि शब्दकोश चाळून त्यातून शब्द घेतल्याचं तिने स्वतः सांगितलंय. अर्थ नसलेला तो शब्द तिला हवा असतो त्याच्या तोंडातल्या चवीसाठी: कुठे ओठ मिटतात, कुठे जीभ टाळूला लागते, कुठे गळा उघडतो.

यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट अशी. आपल्याकडच्या तराण्यात ‘तनन देरेना’ सुरू झालं की इथे शब्दार्थ नाही हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं, आणि कान निवांतपणे लयीकडे वळतो. फ्रेझर ती सूट देत नाही. तिची ओळ वाक्यासारखी सुरू होते, वाक्यासारखी श्वास घेते, प्रश्नासारखी वर जाते, कुणाला तरी समजावल्यासारखी खाली येते. बोलण्याचं सगळं बाह्यांग तिथे हजर असतं, फक्त आतला मजकूर हाताला लागत नाही. म्हणून ऐकणारा सतत ‘आत्ता कळेल’ अशा टोकावर राहतो. तुम्हाला जी अस्वस्थता जाणवते ना, ती गाण्यात शिरण्यात तुम्ही कमी पडताय याची खूण नाही. ती अस्वस्थता गाण्यानेच तयार केलेली आहे. ती दाबू नका.

सुरुवात कुठून करावी? माझा सल्ला थोडा उलटा वाटेल: जिचे शब्द दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेले आहेत अशी फ्रेझरची एक ध्वनिमुद्रिका घ्या. १९८३ साली धिस मॉर्टल कॉइल या नावाखाली तिने आणि गथ्रीने टिम बकलीचं ‘साँग टू द सायरन’ केलं. गाणं इंग्रजीत, शब्द लॅरी बेकेटचे, साधे आणि स्पष्ट. सोबतीला जवळजवळ फक्त गथ्रीची गिटार. इथे मात्र शब्द आधी वाचून घ्या, अगदी पाठ झाले तरी हरकत नाही. मग ऐका. कोणता शब्द ती पूर्ण म्हणते, कोणत्या शब्दाचं शेवटचं व्यंजन गिळते, कुठे एकाच अक्षरावर पाच-सहा सूर फिरवते आणि त्या फिरण्यात मूळ शब्द हरवतो, हे सगळं इथे उघड्यावर दिसतं. हा सराव झाला की तिच्या स्वतःच्या गाण्यांत तीच हालचाल ओळखू येते, मग खाली शब्द असो वा नसो.

त्यानंतर कॉक्टो ट्विन्सचा ‘ट्रेझर’ (१९८४) हा अल्बम. यातल्या ‘लोरेलाय’मध्ये एकच फ्रेझर नाही. तिचे अनेक आवाज एकावर एक बसवलेले आहेत, आणि ते एकच ओळ म्हणत नाहीत. पहिल्यांदा ऐकताना फक्त सगळ्यात खालचा आवाज धरा, दुसऱ्यांदा सगळ्यात वरचा. शब्द न कळण्याचं निम्मं कारण दोन ओळी एकमेकींवरून जाताहेत एवढंच असतं, हे तिथे समजतं. त्याच वर्षीचं त्यांचं ‘पर्ली-ड्यूड्रॉप्स ड्रॉप्स’ ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या तीसांत पोचलं होतं. काय म्हटलंय ते न कळताही हजारोंनी ते विकत घेतलं. तुम्ही एकटे नाही.

‘व्हिक्टोरियालँड’ (१९८६) मी रात्री, हळू आवाजात ऐकतो. यात रेमंड नाही आणि ड्रम तर जवळजवळ नाहीतच, त्यामुळे आवाजाला मोकळी जागा मिळते. डिफ जझ या बँडचा रिचर्ड थॉमस यात सॅक्सोफोन वाजवतो आणि चक्क तबलाही. गाण्यांची बरीचशी नावं डेव्हिड अ‍ॅटनबरोंच्या निसर्गावरच्या पुस्तकातून आलेली आहेत. ‘ऊमिंगमाक’ हा उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा कस्तुरीबैलासाठीचा शब्द. नावं म्हणजे विषय नव्हेत, पण बर्फ, हवा, पंख, थंडी एवढा इशारा तरी मिळतो, आणि मला तेवढा पुरतो.

आणि मग ‘हेवन ऑर लास व्हेगास’ (१९९०). फ्रेझर आणि गथ्री यांना १९८९ साली मुलगी झाली होती. याच सुमारास रेमंडचे वडील वारले. हे माहीत असो वा नसो, इथे शब्द पृष्ठभागावर यायला लागतात. अर्धी ओळ स्वच्छ कळते आणि लगेच निसटते. ‘चेरी-कलर्ड फंक’ ऐका: कडवं खालच्या, जवळजवळ मिटल्या तोंडाच्या आवाजात, आणि ध्रुवपदाला आवाज एकदम वर उडी घेतो. वर सांगितलेलं स्वरांचं गणित त्या एका उडीत पूर्ण ऐकू येतं. चढताना अक्षरं विरघळतात आणि भावना मात्र जास्त टोकदार होते. पुढे १९९३च्या ‘फोर-कॅलेंडर कॅफे’च्या वेळी दोघांचं नातं तुटलं होतं, आणि तिथे ती बरंच सरळ, कळेल असं गाते. तो अल्बम चांगला आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मला ती जुन्या, न कळणाऱ्या गाण्यांत अधिक उघडी वाटते. शब्द लपवल्यामुळेच गळ्याने काही लपवायची गरज राहिली नसावी, असं माझं मत.

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या ‘लव्हलेस’ अल्बममध्ये (१९९१) रीत पूर्ण वेगळी आहे. तिथे शब्द साधे इंग्रजी आहेत, पण आवाज मिक्समध्ये (सगळ्या आवाजांच्या अंतिम जुळणीत) इतका मागे ठेवलाय की तो गिटारच्या आतून येतो. बँडचा गिटारवादक केविन शील्ड्स गिटारचा ट्रेमोलो दांडा हातात धरूनच तारा छेडतो, त्यामुळे सूर सतत थोडा वरखाली सरकत राहतो आणि आवाजालाही पक्की जमीन मिळत नाही. गायिका बिलिंडा बुचरने सांगितलंय की पुष्कळदा तिला झोपेतून उठवून लगेच रेकॉर्डिंग व्हायचं. ती सुस्ती उच्चारात ऐकू येते. इथे एकटा आवाज शोधत बसू नका, सापडणार नाही. तो गिटारच्या लाटेला कुठे धक्का देतो ते ऐका. स्लोडाइव्ह या बँडचा ‘सुवलाकी’ (१९९३) हा अल्बम या दोन्हींच्या मध्ये आहे. रेचल गॉस्वेल आणि नील हॉलस्टेड एकत्र गातात तेव्हा दोघांची व्यंजनं तंतोतंत एका वेळी पडत नाहीत, आणि शब्दाची कड तिथेच मऊ होते.

ऐकण्याच्या पद्धतीबद्दल एवढंच सांगेन की हेडफोन लावा, आवाज फार वाढवू नका, आणि दुसरं काम करू नका. एक गाणं निवडा आणि गायिकेबरोबर गुणगुणा. शब्द जुळवायचे नाहीत, फक्त तिचं तोंड जसं उघडतं-मिटतं तसं आपलं ठेवायचं. हे करून पाहाच. गळ्याला जे समजतं ते कानाला मागाहून समजतं. मध्येच तुम्हाला मराठी शब्द ऐकू येतील, काही चमत्कारिकही, येऊ द्या. बोलण्यासारख्या आवाजात कान आपल्या ओळखीचे शब्द शोधतोच.

हेही सांगायला हवं की अस्पष्ट असलं म्हणजे चांगलंच असं मी मानत नाही. रिव्हर्बचं बटण आता कुणालाही मिळतं, आणि चाल नसलेली किती तरी गाणी त्याच्याआड उभी असतात. माझी कसोटी सोपी आहे: दुसऱ्या दिवशी त्या आवाजाची ओळ, अर्थाशिवाय का होईना, तिच्या वळणांसकट गुणगुणता येते का? फ्रेझरची येते. जिची येत नाही तिथे तुम्ही कंटाळलात तर दोष तुमच्याकडे घेऊ नका.

राहिला लिरिक्सच्या संकेतस्थळांचा प्रश्न. फ्रेझरच्या सुरुवातीच्या गाण्यांखाली तिथे जे लिहिलेलं असतं ते बहुतेक ऐकणाऱ्यांनी लावलेले अंदाज असतात; एकाच ओळीच्या तीन आवृत्त्या सापडतील. म्हणून आधी महिनाभर नुसतं ऐका, स्वतःला जे ऐकू येतं ते वाटल्यास वहीत लिहून ठेवा, आणि मग उत्सुकता राहिलीच तर ते अंदाज वाचा. तुमचा अंदाज वेगळा निघाला तर तो खोडू नका. स्लोडाइव्ह आणि बीच हाउसबाबत मात्र शब्द नंतर जरूर वाचा. तिथे ते खरोखर लिहिलेले आहेत.